बोनेट वर केलेली जुनी गाडी दिसली, आपण थांबलो. आता पुढे काय?

रविवारची_स्वारी:

नमस्कार मंडळी. प्रश्न स्वतःच्या गाडीचा नाही, दुसऱ्याच्या गाडीचा आहे.

घाटात किंवा हायवेच्या कडेला बोनेट वर केलेली पद्मिनी, अ‍ॅम्बेसिडर किंवा जुनी जीप दिसली की इथले बहुतेक जण थांबतात. थांबणं सोपं आहे. पण थांबल्यावर चार जण बोनेटमध्ये डोकी घालतात, चौघांची चार निदानं होतात आणि अर्ध्या तासाने मूळ बिघाड तसाच, वर कुणीतरी डेल्को (प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) फिरवून ठिणगीचं टायमिंगही घालवलेलं, असं व्हायला नको.

म्हणून तीन गोष्टी विचारतो. हातात वीस-तीस मिनिटं आणि साधी हत्यारं असतील तर तपासणी कोणत्या क्रमाने करावी? दुसऱ्यांच्या उपयोगी पडेल असं आपल्या डिकीत काय ठेवावं, जे जास्तीत जास्त गाड्यांना चालेल? आणि एखादा भाग दिला तर पैशांचं काय करायचं?

उदाहरणासाठी धरून चला: मूळ इंजिनाची पद्मिनी, १०८९ सीसी, पॉइंटवाली (डेल्कोत उघडझाप करून कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट). एप्रिलमधली दुपार, खंबाटकीची चढण, गाडी मध्येच बंद. सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंजिन पकडत नाही.

टॅपेट:

चांगलं केलंत, उदाहरण नेमकं दिलंत. "जुनी गाडी बंद पडली" यावर काहीच सांगता येत नाही, "सेल्फ फिरतो पण पकडत नाही" यावर बरंच सांगता येतं.

पाना हातात घेण्याआधी मालकाला दोन प्रश्न. पहिला, "बघू का?" गाडी त्यांची आहे. दुसरा, "इतक्यात काय उघडलं होतं?" गेल्या आठवड्यात पॉइंट बदलले असतील तर संशय आधी पॉइंटवर. शेवटचा हात जिथे लागला, बिघाड बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

मग चावी बंद. हे लोक विसरतात. इंजिन थांबताना पॉइंट मिटलेले राहिले आणि चावी ऑन असली तर कॉइलमधून (बॅटरीच्या करंटपासून ठिणगीचा जोरदार करंट बनवते ती) सतत करंट वाहतो. साध्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स ३ ओहमच्या आसपास, म्हणजे १२ व्होल्टवर ४ अँपिअर. आपण गप्पा मारत उभे राहिलो की पंधरा मिनिटांत कॉइलला हात लावता येत नाही. बिघाड पेट्रोलचा असतो आणि आपण त्यात कॉइलचा आणखी एक वाढवून ठेवतो.

आता क्रम.

सगळ्यात आधी पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. "फुस्स" करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलेलं आहे; टाकीत निर्वात तयार होऊन पंपाला पेट्रोल ओढता येत नव्हतं. झाकण सैल ठेवून सेल्फ मारा. दहा सेकंदांचं काम आहे, पण बहुतेकांना ते शेवटी आठवतं.

नंतर करंट. तो पेट्रोलच्या आधी बघायचा, कारण ठिणगी पाहताना आसपास उघडं पेट्रोल नको. कॉइलकडून येणारी मधली जाड वायर डेल्कोच्या कॅपमधून काढा, इन्सुलेटेड पकडीने धरा, टोक इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूपासून ५-६ मिलिमीटरवर ठेवा आणि मालकाला सेल्फ मारायला सांगा. निळी, "टक टक" आवाज करणारी ठिणगी आली तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा डेल्कोतला छोटा डबा) ठीक. पिवळट, बारीक किंवा अजिबात नाही, तर दोष तिथेच.

ठिणगी चांगली आहे तरी गाडी पकडत नसेल तर कॅप काढून रोटर (आत फिरत एकेका प्लगला करंट देणारा तुकडा) बघा. तीच वायर रोटरच्या पितळी पट्टीच्या वर ५-६ मिलिमीटरवर धरून सेल्फ मारायचा. एरवी तिथे ठिणगी पडत नाही, कारण रोटर खाली कशालाच जोडलेला नसतो. ठिणगी पडत राहिली तर रोटर आतून फुटलाय आणि करंट शाफ्टमधून अर्थला जातोय. डोळ्यांना रोटर अगदी नवा दिसतो, म्हणून फसवतो. कॅपमधला कार्बनचा तुकडा आणि त्याची स्प्रिंग जागेवर आहे ना, तेही बघून घ्या.

करंट ठीक असेल तर पेट्रोल. एअर क्लीनरचं झाकण काढून सिरिंजने ५ मिली पेट्रोल कार्बोरेटरच्या घशात सोडा. झाकण परत बसवा, सांडलेलं पुसा, बाटली बंद करून लांब ठेवा, मगच सेल्फ. बॅकफायर आला तर ज्वाळा वर येते. उघड्या कार्बोरेटरवर वाकून बाटलीने धार धरणारे महाभाग रस्त्यावर दिसतात, ते करू नका. इंजिन तीन-चार सेकंद चालून बंद पडलं तर बाकी सगळं ठीक आहे, फक्त पेट्रोल येत नाही.

पेट्रोल येत नसेल तर आधी डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय आणि पातळीही वर गेलीय, म्हणजे पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटून पेट्रोल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. ती गाडी तिथून चालवत न्यायची नाही. ऑइल पातळ झालं की बेअरिंग जातात. टोइंगच.

वास नसेल, फिल्टर साफ असेल आणि दुपारच्या उन्हात चढणीवर बंद पडली असेल, तर व्हेपर लॉक, म्हणजे पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन अडलेलं.

जुनाबाजार:

व्हेपर लॉकवर पेट्रोल पाइपला लाकडी चिमटे लावायचे, कपडे वाळत घालायचे. जुनी लोकं लावायची. चालतं म्हणतात.

टॅपेट:

चिमटे फोटोत छान दिसतात. लाकूड उष्णता ओढून घेत नाही, त्यामुळे पाइप थंड व्हायचं काही कारण नाही.

का होतं ते समजलं की उपाय आपोआप कळतो. या गाड्यांचा पंप इंजिनवर बसलेला आणि टाकी मागे, म्हणजे पंप लांबून पेट्रोल ओढतो. ओढण्याच्या बाजूला दाब कमी, आणि कमी दाबाला पेट्रोल लवकर उकळतं. त्यात पंप इंजिनाच्या अंगाला चिकटलेला. पाइपात वाफ झाली की पंप वाफच दाबत बसतो, ती दबते आणि फुगते, पुढे काही जात नाही. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. मिसळलेल्या इथेनॉलमुळे पेट्रोलचा हलका भाग आणखी लवकर वाफ होतो. म्हणून पूर्वी कुरकुर न करणाऱ्या गाड्याही आता उन्हाळ्यात रुसतात.

गाडी थांबवल्यावर बोनेटखालचं तापमान आधी वाढतं, कारण पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात. बंद पडल्या पडल्या लगेच सेल्फ मारत राहण्यात अर्थ नाही तो यामुळेच. बोनेट उघडून वीस मिनिटं थांबा. ओला फडका पंपावर आणि पंपाकडे येणाऱ्या पाइपवर ठेवा, सुकला की पुन्हा भिजवा. बादलीने पाणी ओतू नका: एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लाल नसला तरी भरपूर तापलेला असतो, तडकतो, आणि डेल्को भिजला की नवीन दुखणं. पंपाला हाताने दाबायचा लिव्हर असेल तर पंधरा-वीस वेळा दाबा. आधी पोकळ लागेल, पेट्रोल आलं की जड लागतं. तो फरक बोटाला कळतो.

सेल्फ एका वेळी दहा सेकंद, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती.

वायरिंगवाली:

टॅपेट यांनी सगळं बरोबर लिहिलंय, एका ठिकाणी मात्र ठळक खूण करा. "गरम झाली की बंद, गार झाली की चालू" हे लक्षण एकट्या व्हेपर लॉकचं नाही. कंडेन्सर आणि कॉइल दोन्ही अगदी असंच वागतात. गरम झाल्यावर आतलं जोड सुटतं, वीस मिनिटांनी पुन्हा जुळतं. लोक फडके भिजवतात, गाडी चालू होते, फडक्याला श्रेय मिळतं आणि दहा किलोमीटरवर पुन्हा तेच. म्हणून ठिणगी बंद पडल्याबरोबर, गाडी गरम असतानाच बघायची. गार झाल्यावर बघून काही उपयोग नाही.

कंडेन्सर ओळखायचा सोपा मार्ग: कॅप आणि रोटर काढून सेल्फ मारताना पॉइंटकडे बघा. पॉइंटमध्ये बारीकशी ठिणगी चालते. वेल्डिंगसारखी निळी-पांढरी ठळक उडत असेल तर कंडेन्सर मेलाय.

आता रस्त्यावरची युक्ती. कंडेन्सर डेल्कोच्या आतच बसायला हवा असं नाही. विजेच्या दृष्टीने तो पॉइंटच्या समांतर आहे, आणि पॉइंटची वायर येते कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला. मग नवा कंडेन्सर बाहेरच लावा: वायर कॉइलच्या त्या टोकाला, पत्र्याचं अंग कॉइलच्या क्लॅम्पच्या स्क्रूखाली, जिथे रंग खरवडलेला असेल तिथे. डेल्को उघडायची गरज नाही, बारीक स्क्रू आत पडायची भीती नाही, पाच मिनिटांचं काम. मूल्य ०.२० ते ०.२५ मायक्रोफॅरडच्या आसपास, त्यामुळे पद्मिनीला अ‍ॅम्बेसिडरचा चालतो आणि उलटही.

अट एकच. जुना कंडेन्सर आतून शॉर्ट झालेला असेल तर बाहेर दहा लावले तरी ठिणगी येणार नाही. अशा वेळी जुन्याची वायर आतून सोडवावीच लागते.

पॉइंटबद्दल: पद्मिनीला ०.४२ ते ०.४८ मिलिमीटर गॅप. फिलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या) नसेल तर हॅकसॉचं पान साधारण ०.६ असतं, म्हणजे पानापेक्षा थोडा कमी ठेवा. जाडसर व्हिजिटिंग कार्डावर घरी पोचता येतं. एटीएम कार्ड वापरू नका, ते ०.७६ आहे. पॉइंट पॉलिश पेपरने घासलेत तर नंतर कोरा कागद मध्ये धरून ओढून घ्या, कारण कण राहिले की पुन्हा जळतात. आणि कॅमवर मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस. नाहीतर पॉइंटची टाच झिजते आणि काहीशे किलोमीटरमध्ये गॅप मिटतो.

जम्प केबल घेऊन धावत जाणाऱ्यांसाठी: आधी बॅटरी बघा. विलीज जीप मुळात ६ व्होल्टची, १९६६ पर्यंतच्या बीटल बहुतेक ६ व्होल्टच्या, आणि मॉरिस मायनरसारख्या जुन्या इंग्लिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. अशा गाडीला सवयीने लाल-काळी जोडली आणि दोन्ही गाड्यांचे बंपर एकमेकांना लागले असतील तर सरळ शॉर्ट. शक्य असेल तर आपल्या नव्या गाडीला जोडूच नका, डिकीत सुटी १२ व्होल्टची बॅटरी असेल तर ती वापरा.

रविवारची_स्वारी:

ताई, बाहेर लावलेल्या कंडेन्सरवर किती अंतर जाता येईल? फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत, की घरापर्यंत?

वायरिंगवाली:

घरापर्यंत आणि त्यापुढेही. वायर वीतभरापेक्षा लांब नको, एक्झॉस्टपासून दूर, आणि अंग हलणार नाही असं घट्ट बसवलेलं. सैल बसलं तर मिसिंग सुरू होईल, इंजिन अडखळेल.

जुनाबाजार:

डिकीत ठेवायच्या पेटीबद्दल लिहितो, आपला प्रांत तोच.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती थांबली. टॅक्सी होत्या तोवर मुंबईत कुठल्याही नाक्यावर पॉइंट-कंडेन्सर मिळायचा आणि रात्री अकराला बसवून देणारा माणूसही. आता दुकानदार "ऑर्डर द्या, बघतो" म्हणतो. त्यामुळे घाटात पद्मिनीला भाग मिळाला तर तो दुसऱ्या पद्मिनीवाल्याच्या डिकीतूनच मिळणार.

पेटीत ठेवण्याचा माझा नियम: जे एकापेक्षा जास्त गाड्यांना बसतं ते आधी. कंडेन्सर २. साधी १२ व्होल्ट, ३ ओहमची कॉइल १, क्लॅम्पसकट. पेट्रोलचा रबरी पाइप ६ आणि ८ मिलिमीटरचा, प्रत्येकी एक मीटर. त्यावर "एसएई जे३० आर९" छापलेलं बघून घ्या, हा इथेनॉलला टिकतो. जुना काळा पाइप आतून फुगतो आणि त्याचे तुकडे सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. इनलाइन फिल्टर २. क्लिपा ८-१०. मगरचिमटे लावलेली वायर दोन मीटर. कार्बोरेटरखालचा नट घट्ट करायला छोटा पाना, १० ते १७ चे पाने, बारीक आणि जाड पेचकस. इन्सुलेशन टेप, तार, पाच लिटर पाणी. २ किलोचा एबीसी पावडर अग्निशामक, तो डिकीत नको, सीटखाली.

रोटर, कॅप आणि पॉइंट मात्र "कुठल्याही" गाडीचे चालत नाहीत. डेल्को कुठल्या कंपनीचा आहे ते बघूनच. आपल्या गाडीचा जोड ठेवा, तोच दुसऱ्याला बसला तर नशीब त्याचं.

फॅन बेल्टची लांबी गाडीगणिक वेगळी, त्यामुळे तो सार्वजनिक पेटीत नको. दुसऱ्याचा बेल्ट तुटलेला असेल तर बेल्टशिवाय "जरा हळू चालवतो" म्हणू देऊ नका. पद्मिनीचा वॉटर पंप आणि पंखा त्याच बेल्टवर, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. दोन किलोमीटर चढणीवर हेड वाकतं.

आणखी एक, थोडं विचित्र वाटेल. पेटीत नवीन कंडेन्सर ठेवू नका. हल्ली बाजारात मिळणाऱ्या नव्यांपैकी कितीतरी डब्यातूनच मेलेले निघतात. नवीन स्वतःच्या गाडीत लावून पाचशे किलोमीटर चालवा आणि तो काढून पेटीत ठेवा. दुसऱ्याला देताना सांगा, "वापरलेला आहे, चालतो."

घाटउतार:

सगळे इंजिनात शिरलेत. रस्त्याचं काय?

जुन्या पद्मिनीला हजार्ड लाइट नसतो, मागचे दिवे मिणमिणते. म्हणून थांबणाऱ्याने आपली नवी गाडी मागे लावायची, हजार्ड चालू, पुढची चाकं कठड्याच्या किंवा डोंगराच्या बाजूला वळवून. त्रिकोण किमान ५० मीटर मागे, आणि वळण असेल तर वळणाच्या आधी. माणसं गाडीत बसवायची नाहीत, विशेषतः मागच्या सीटवर म्हातारी माणसं आणि मुलं. कठड्यापलीकडे सुरक्षित जागा असेल तर तिथे, सावलीत, पाणी देऊन. हे केलं आणि इंजिनाला हातही लावला नाही, तरी अर्धी मदत झाली.

रेडिएटर तापला असेल तर झाकण अर्धा तास तरी नाही. नंतर जाड फडका टाकून पहिल्या टप्प्यापर्यंतच फिरवा, वाफ जाऊ द्या. पाणी इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं.

ओढून नेणं हा शेवटचा पर्याय, आणि उतारावर दोरीने तर नाहीच. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या हेल्पलाइनला फोन लावा, फ्लॅटबेड मागवा. अगदी सपाटीवर दोनेक किलोमीटर न्यायची असेल तर दोर बंपरला बांधू नका. पद्मिनीचा बंपर शोभेचा आहे, तो हातात येतो. पुढच्या क्रॉस मेंबरला (गाडीखालच्या आडव्या मजबूत पट्टीला) बांधा, ब्रेकचा पाइप दोरात सापडत नाही ना ते खाली वाकून बघा. दोन गाड्यांत पाच मीटरच्या आत अंतर, मध्ये लाल फडका. ओढताना ब्रेक लाइटसाठी चावी ऑन ठेवावी लागते, तेव्हा वर टॅपेट म्हणाले तो कॉइलचा प्रश्न येतो. कॉइलची चावीकडची वायर काढून टेप गुंडाळा.

रविवारची_स्वारी:

हा शेवटचा मुद्दा कधीच डोक्यात आला नसता. तिसरा प्रश्न राहिला: पैसे?

जुनाबाजार:

घेऊ नका, पण "राहू द्या हो" म्हणून विषयही उडवू नका. समोरच्या माणसाला ओशाळं वाटतं. सरळ सांगा: "हाच भाग नवीन घ्या आणि तुमच्या डिकीत ठेवा, पुढे कुणालातरी द्या." कॉइलसारखी महाग वस्तू असेल तर "पोचल्यावर तशीच कुरिअर करा." पेट्रोल दिलंत तर तेवढ्याचे पैसे घ्यायला हरकत नाही, त्यात मान-अपमान नाही.

आणि फोटो काढून ग्रुपवर टाकण्याआधी विचारा. बोनेट वर केलेल्या गाडीचा फोटो मालकाला आवडत नाही.

टॅपेट:

यात भर: निघण्यापूर्वी काय केलं ते कागदावर लिहून द्या. "कंडेन्सर बाहेर लावला, जुना आत सुटा आहे, गॅप व्हिजिटिंग कार्डाने लावला, गेजने तपासा." पुढचा मेकॅनिक दोन कंडेन्सर बघून गोंधळतो आणि चुकीचा काढतो. आणि पुढच्या सपाटीपर्यंत त्यांच्या मागे चला. व्हेपर लॉक असेल तर दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा कळतं.

घाटउतार:

चाकामागे लावलेला दगड निघताना उचलून कडेला टाका. मागून येणाऱ्या दुचाकीला तो दिसत नाही.

रविवारची_स्वारी:

मंडळी, आभारी आहे. कंडेन्सरला मगरचिमटा सोल्डर करून तयार ठेवतो.

वायरिंगवाली:

सोल्डर नको, कंडेन्सरच्या टोकाला फार उष्णता गेली तर आतलं सील जातं. क्रिम्प करा. आणि अंगाला वेगळी अर्थ वायर जोडून ठेवा, रंगवलेल्या पत्र्यावर अर्थ शोधण्यातच वेळ जातो.